हळदीची साक्ष

"धाकटे, हे आपल्याला चालतं का बघ." आक्कांनी बाटली माझ्या हातात दिली ती हे विचारत.

थोरल्या जाऊबाईंना आम्ही सगळ्याजणी आक्का म्हणतो. दशलक्षण पर्वाच्या आधीचे दिवस होते. बाटली पुण्याच्या भाचीने पाठवलेली. वर हळकुंडाचं सुरेख चित्र आणि सांधेदुखीवर रामबाण असल्याची ग्वाही. मी ती खिडकीपाशी नेली आणि चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. हळदीचा अर्क, मिऱ्याचा अर्क, आणि सगळ्यात शेवटी, कवच : जिलेटिन. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ. आत हळद आणि वर हाडं! आक्कांनी बाटली तिथल्या तिथे बंद केली. मग भाचीने वनस्पतीच्या कवचाची दुसरी बाटली शोधून पाठवली. हिरवी खूण बघून आम्ही सगळ्या निश्चिंत झालो.

भगिनींनो, आमचं चुकलं ते इथेच. चालतं का, हे आम्ही विचारलं. लागू पडतं का, हे कुणीच विचारलं नाही.

आक्कांना आमवात आहे. सकाळी उठल्यावर तासभर बोटं मिटत नाहीत. बेळगावच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली होती आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. ती गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी त्यांना मळमळायचं. हळदीची बाटली आल्यावर त्यांनी गोळी बंद केली, कुणाला न सांगता. "हळदच तर आहे, अपाय काय होणार?" हे त्यांचं म्हणणं मला फार उशिरा कळलं. तोवर आठ महिने गेले होते आणि उजव्या हाताची दोन बोटं करंगळीकडे कलली होती. आक्का णमोकार मोजतात तो बोटांच्या पेरांवर. त्या दिवशी अंगठा तिसऱ्या बोटापर्यंत पोचेना, तेव्हा त्या पहिल्यांदा घाबरल्या.

डॉक्टरांकडून परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, "तू इतिहास घेऊन बी.ए. झालीस ना? मग हळदीचा इतिहास शोध. खोटं कोण बोललं ते मला सांग."

मी वर्षभर शोधलं. औषधशास्त्र शिकणाऱ्या पुतणीने निबंध आणून दिले, अडलेले शब्द समजावले. जे हाती लागलं ते आक्कांना सांगितलं, तेच इथे लिहिते.

सुरुवात आपल्या घरातून करू. ओली हळद आपल्यात निषिद्ध. ती कंद आहे, अनंतकाय आहे. पण वाळलेलं हळकुंड चालतं, जसं आलं चालत नाही आणि सुंठ चालते. माझं माहेर सांगलीकडचं. शेतातून काढलेली हळद मोठ्या काहिलीत शिजवायची, अंगणभर पसरून दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, मग घासून चकाकी आणायची, हे मी लहानपणी बघितलंय. गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. सांगलीच्या बाजारात सौदे व्हायचे आणि माल हरिपूरच्या पेवांत जायचा. पेव म्हणजे जमिनीखालची मोठी कोठी. तिचं तोंड बंद केलं की माल तसाच राहायचा, कीड लागायची नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सांगायचं एवढंच की हळद आम्हाला परकी नाही. पडलं-झडलं, मुका मार लागला की आई हळद गरम करून लेप लावायची. पण गुडघे दुखतात म्हणून तिने कधी हळद खायला दिल्याचं मला आठवत नाही.

आणि आई काही चुकत नव्हती. चरकसंहितेत हळद आहे ती त्वचेचे रोग आणि विष यांवरच्या औषधांच्या गटांत. प्रमेहावर तर वैद्य तिला फार मान देत आले. माधवनिदान हा रोगनिदानाचा जुना ग्रंथ. त्यात आमवात हा रोग वेगळा वर्णिलेला आहे. पण सांधे धरले तर वैद्यांचा हात जायचा तो रास्ना, एरंड, सुंठ, गुग्गुळ यांच्याकडे. म्हणजे 'हजारो वर्षांपासून सांधेदुखीवर हळद' असं जाहिरातीत वाचलं की थोडं थांबावं. हळद हजारो वर्षांची आहे, पण सांध्यांसाठी हळदीच्या अर्काची गोळी फार तर पन्नास वर्षांच्या कहाणीतली.

ती कहाणी सुरू झाली रंगापासून. १८१५ मध्ये फोगेल आणि पेल्तिए या दोघा रसायनतज्ज्ञांनी हळदीतला पिवळा रंग वेगळा काढला आणि त्याला कुर्क्युमिन हे नाव दिलं. युरोपला तेव्हा त्यात औषध दिसलं नाही, रंग दिसला. त्या रंगाची रासायनिक रचना नक्की व्हायला १९१० साल उजाडलं. १९३७ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' मासिकात पित्ताशयाच्या रोग्यांवर हळदीच्या अर्काचा अनुभव छापून आला. सांध्यांचं नाव अजून कुठेच नव्हतं.

सांध्यांपर्यंत हळद पोचली ती आपल्याच देशात. लखनौला केंद्रीय औषध संशोधन संस्था १९५१ मध्ये सुरू झाली, तीही छत्तर मंझिल या नबाबी राजवाड्यात. तिथल्या श्रीमल आणि धवन यांनी १९७३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला की कुर्क्युमिन सूज उतरवतं. त्यांनी ते पाहिलं होतं उंदरांवर. हे वाचताना मी थबकले. हळदीची पहिली साक्ष मुक्या जिवांच्या सुजवलेल्या पायांनी दिलेली आहे. आपण कवच हाडाचं की वनस्पतीचं ते बघतो, पण आतल्या गोळीमागेही जीव आहेत. आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग ती साक्ष वाया तरी घालवू नये."

उंदरांनंतर माणसं. १९८० मध्ये देवधर, सेठी आणि श्रीमल यांनी आमवाताच्या १८ रोग्यांवरचा अभ्यास छापला. म्हणजे आक्कांचाच रोग. रोज १२०० मिलिग्रॅम कुर्क्युमिन एका बाजूला आणि फेनिलब्युटाझोन हे त्या काळचं जोरदार औषध दुसऱ्या बाजूला. दोन आठवडे एक, मग दुसरं. कुठलं औषध चाललंय हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. असं झाकून का ठेवायचं, हे मला पुतणीने सांगितलं. औषध घेतोय या समाधानानेही माणसाला बरं वाटतं, आणि बरं वाटावं अशी डॉक्टरचीही इच्छा असते. या दोन्ही इच्छा बाजूला ठेवल्याशिवाय औषधाचं स्वतःचं बळ कळत नाही. त्या रोग्यांचा सकाळचा आखडलेपणा, चालायला लागणारा वेळ आणि सांध्यांची सूज कुर्क्युमिनने कमी झालेली दिसली. पण रोगी फक्त अठरा आणि काळ दोन आठवड्यांचा. शिवाय नुसती पोकळ गोळी घेणारा गट नव्हता.

ती उणीव भरली मुंबईच्या डॉ. सातोस्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९८६ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेवर कुर्क्युमिन, फेनिलब्युटाझोन आणि पोकळ गोळी अशी तिन्हींची तुलना केली. तिथेही कुर्क्युमिनचा गुण दिसला, मात्र ती सूज होती टाक्यांच्या जागेची, सांध्यांची नव्हे. फेनिलब्युटाझोन पुढे रक्तावरच्या घातक परिणामांमुळे अनेक देशांत माणसांसाठी बंद झालं, आणि हळदीबद्दलची आशा वाढली.

नेमक्या त्याच काळात आमवाताच्या उपचारात दुसरीच मोठी गोष्ट घडत होती. आक्कांनी बंद केलेली आठवड्याची गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट. १९८५ च्या सुमारास तिच्या कमी मात्रेचे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत तिला आमवातासाठी मान्यता मिळाली. ती नुसतं दुखणं मारत नाही, तर सांधा पोखरणाऱ्या रोगाचाच वेग कमी करते. हळदीच्या कुठल्याही अभ्यासाने हे करून दाखवलेलं नाही. मला विचाराल तर आक्कांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

मग हळदीचा एवढा बोलबाला कसा झाला? त्यात एका खटल्याचा हात आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या आजीचा बटवा दुसऱ्याच्या नावावर! मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये त्या पेटंटला आव्हान दिलं आणि जुन्या ग्रंथांचे, मासिकांचे बत्तीस दाखले पुढे ठेवले. त्यांत भारतीय वैद्यक संघटनेच्या मासिकातला १९५३ चा एक निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आमच्याकडे पेपरात मोठ्या अक्षरात आलं होतं, आणि मी ते कात्रण बरीच वर्षं जपून ठेवलं होतं.

अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट. पण आज त्या कात्रणाकडे बघताना एक बारकावा ध्यानात येतो. तिथे प्रश्न होता, 'हे आधीपासून ठाऊक होतं का?' उत्तर आलं, 'होतं.' हळदीने जखम खरंच भरते का, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच, आणि सांध्यांचा तर उल्लेखही नव्हता. आपण मात्र जिंकलेला खटला हा गुणाचा दाखला धरून बसलो. आमच्याकडे आधीपासून आहे, म्हणजे गुणकारी आहेच, अशी आपली समजूत झाली. पुढे बाजाराने ती समजूत बाटलीत भरली. हरिपूरच्या पेवात हळद असायची, आता हळदीच्या गोळ्यांचंच पेव फुटलं.

आता मिऱ्याकडे येऊ. बाटलीवर मिऱ्याचा अर्क का असतो? कारण कुर्क्युमिन पोटातून रक्तात जवळजवळ पोचतच नाही. आतडी आणि यकृत मिळून त्याची लगेच विल्हेवाट लावतात. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शोबा आणि सहकाऱ्यांनी माणसांना २ ग्रॅम कुर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते नावापुरतंच सापडलं. सोबत मिऱ्यातलं पायपरिन फक्त २० मिलिग्रॅम दिलं, तर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. तेव्हापासून हळद आणि मिरं ही बाटलीतली जोडी झाली.

आपल्या स्वयंपाकघराचा हिशोबही करून पाहिला. हळदीच्या पुडीत कुर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के. चहाचा एक चमचा हळद म्हणजे तीन ग्रॅमच्या आसपास, त्यात कुर्क्युमिन ९० मिलिग्रॅम. १९८० च्या अभ्यासातले १२०० मिलिग्रॅम हवे असतील तर एका माणसाने रोज तेरा-चौदा चमचे हळद खायला हवी. आमच्या सहा माणसांच्या घरात आमटी-भाजी मिळून दिवसाला एक चमचा लागत नाही. म्हणजे वरणातली हळद आणि बाटलीतली हळद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वरणातल्या हळदीचा निर्धोकपणा बाटलीला आपोआप मिळत नाही, आणि बाटलीवरचे अभ्यास वरणाला लागू होत नाहीत.

मग सांध्यांवर काहीच उपयोग नाही का? तसंही नाही. इथे दोन रोग वेगळे करायला हवेत. आपण दोन्हींना सरसकट संधिवात म्हणतो. वयाने गुडघ्याची झीज होते तो एक, आणि शरीराची संरक्षण व्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आमवात दुसरा. गुडघ्याच्या झिजेवर थायलंडमध्ये २०१४ साली बऱ्यापैकी मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३६७ रोगी, चार आठवडे. काहींना रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क, काहींना १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन. दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं आणि पोटाचा त्रास हळदवाल्यांना कमी झाला. गुडघे धरलेल्या बाईला हे कमी नाही.

२०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ७० जणांवर बारा आठवडे प्रयोग झाला. त्यांच्या गुडघ्यांत पाणी आणि सूज होती. निम्म्यांना हळदीचा अर्क, निम्म्यांना पोकळ गोळी. हळद घेणाऱ्यांचं दुखणं अधिक कमी झालं. पण एमआरआय काढून आतली सूज मोजली, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हे वाक्य मी आक्कांना दोनदा वाचून दाखवलं. दुखणं कमी झालं, सूज आत होती तशीच. त्या म्हणाल्या, "माझं तसंच झालं गं. मला वाटलं, दुखत नाही म्हणजे बरं आहे." त्यांनी वेदनाशामक गोळीही अधूनमधून चालू ठेवली होती. कुणाच्या वाट्याचं श्रेय कुणाला गेलं, देव जाणे. रोग मात्र आत आपलं काम करत राहिला.

शास्त्रज्ञांमध्येही सगळे हळदीचे भक्त नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या काही रसायनतज्ज्ञांनी तोवरच्या साऱ्या संशोधनाचा ताळेबंद मांडला. माणसांवर १२० च्या वर प्रयोग होऊनही कुर्क्युमिन पक्कं औषध ठरलं नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे द्रव्य अस्थिर आहे आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनाच चकवतं, असं त्यांनी दाखवलं. ह्यूस्टनच्या एका नामवंत कुर्क्युमिन संशोधकाचे बरेच निबंध मासिकांना मागे घ्यावे लागले, हेही जाहीर आहे.

आणि 'अपाय काय होणार' या प्रश्नालाही उत्तर मिळालं आहे. अमेरिकेत औषधांनी यकृताला होणाऱ्या इजांची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं एक जाळं आहे. त्यांनी २००४ ते २०२२ या काळातले दहा रोगी वर्णिले, ज्यांचं यकृत हळदीच्या गोळ्यांनी बिघडलं. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली, आणि काही गोळ्यांत मिरंही होतं. जे मिरं हळदीला रक्तात पोचवतं, तेच तिला यकृताच्या हातून सोडवतं. शिवाय इतर औषधांच्या पचनातही ते लुडबुड करतं. कोट्यवधी लोक हळद घेतात, त्यांत दहा म्हणजे थोडेच. पण आक्कांच्या आठवड्याच्या गोळीलाही यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. दोन्ही डॉक्टरांना न सांगता एकत्र घेतल्या असत्या तर? म्हणून माझं सांगणं एवढंच : गोळी घ्यायचीच असेल तर बाटली डॉक्टरांसमोर नेऊन ठेवा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा काविळीचा इतिहास असेल, तर नक्कीच.

खोटं कोण बोललं, असा आक्कांचा प्रश्न होता. माझ्या शोधात मला खोटारडा असा कुणी सापडला नाही. लखनौच्या शास्त्रज्ञांनी उंदरांबद्दल सांगितलं, ते उंदरांबद्दल खरं होतं. चंदीगडच्या अठरा रोग्यांचं दोन आठवड्यांपुरतं खरं. थायलंडचं गुडघ्याच्या झिजेपुरतं खरं. पेटंटचा निकाल मालकीपुरता खरा. आपल्या घरात 'स्यात्' हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. कुठल्या अपेक्षेने खरं, ते सांगितल्याशिवाय विधान पुरं होत नाही. बाटलीवर एवढंच छापायचं राहिलं होतं. आणि ते आम्ही विचारलंही नाही.

आक्का आता पुन्हा आठवड्याची गोळी घेतात. मळमळ होते म्हणून डॉक्टरांनी मात्रा विभागून दिली, सोबत फोलिक अॅसिड दिलं. हे आधीच सांगितलं असतं तर आठ महिने वाचले असते. कललेली दोन बोटं सरळ होणार नाहीत, तेही त्यांना ठाऊक आहे. रिकामी बाटली त्यांनी फेकली नाही, तिच्यात आता बस्तीत न्यायच्या लवंगा ठेवतात. जप पेरांवर जमत नाही म्हणून यंदा माळ घेतली. परवा वरणाला फोडणी देताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हळद घालू ना गं? की हिचाही इतिहास काढणार?"

मी म्हटलं, "घाला आक्का. वरणात तिच्याबद्दल काही तक्रार नाही."